चौदाव्या फ्रेटची कुरकुर

मित्रांनो, माझं निम्मं आयुष्य रंगमंचावर गेलं आणि निम्मं एका शिलाई मशीनच्या शेजारी. रंगमंचावर टाळ्या मिळाल्या, ते खरं. पण मी आज जी काही आहे, ती त्या मशीनच्या शेजारी घडले.

मी इलेक्ट्रिक गिटार आहे. अंग महोगनीचं, मान मेपलची, रंग शेंदरी. जिथे वाजवणाऱ्याचा हात टेकतो तिथला रंग आता उडालाय आणि आतलं लाकूड दिसतं. मला त्याची लाज वाटत नाही. वापरलेल्या वस्तूचा रंग उडतोच.

माझा जन्म सुराबायाजवळच्या एका मोठ्या कारखान्यात, ईदच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी झाला. त्या दिवशी कामगारांचं अर्धं लक्ष बसस्थानकाकडे होतं. गावी न्यायच्या पिशव्या यंत्रांखाली भरून ठेवल्या होत्या. माझ्या मानेवर धातूचे बारीक आडवे फ्रेट बसवणाऱ्या बाई एकेक फ्रेट ठोकत पुढे चालल्या होत्या. त्या चौदाव्यावर आल्या आणि सुट्टीचा भोंगा झाला. उरलेले फ्रेट त्यांनी भराभर उरकले. मी त्यांना दोष देत नाही. वर्षभराने घरी जाणाऱ्या माणसाचा हात असाच चालायचा. मला तर तेव्हा काही जाणवलंही नाही. मी चकचकीत होते, सरळ होते आणि माझ्या आवाजाबद्दल मला पूर्ण खात्री होती.

सुट्टी संपल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मी तुलुंगागुंग नावाच्या गावी पोचले. खोकं उघडलं ते वार्सिनी नावाच्या एका शिंपिणीने. वय सत्तेचाळीस, गळ्यात मोजमापाची फीत, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या तोंडात तशाच ठेवून ती म्हणाली, "अहो, आली बघा!"

तिचा नवरा मार्दी अंगणातल्या तळ्यांमध्ये रंगीत मासे वाढवायचा. तो ओल्या हातांनी धावत आला.

"हात पुसा आधी!" वार्सिनी ओरडली.

"अगं, माशांना हात लावतो तेव्हा तू काही म्हणत नाहीस."

"मासे ओलेच असतात."

वार्सिनीने मला का मागवलं, ते आधी सांगते. लग्नापूर्वी आणि लग्नानंतरही काही वर्षं ती बायकांच्या एका ओर्केसमध्ये गिटार वाजवायची. गावोगावच्या लग्नांत दांगदुत नावाची ठेक्याची गाणी करणाऱ्या वाद्यवृंदाला तिकडे ओर्केस म्हणतात. या ओर्केसची जान होती गायिका कुस्तिनाह. तिचा आवाज असा, की तुलुंगागुंगला उभं राहून गायली तर पार न्गुनुत गावाला ऐकू यावं, असं लोक म्हणत. पण कुस्तिनाहचा नवरा तिला सोडून गेला. चार वर्षांच्या मुलीला आजीकडे ठेवून ती घरकामाला हाँगकाँगला गेली. गायिकाच गेल्यावर ओर्केस मोडलं. वार्सिनीची जुनी गिटार भिंतीवर राहून राहून वाळवीने खाल्ली.

अठरा वर्षांनी कुस्तिनाह कायमची परतली. मुलगी, वेनिंग, आता बावीस वर्षांची झाली होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. कुस्तिनाहने घरोघर जाऊन जुन्या मैत्रिणींना गोळा केलं आणि सांगितलं, "पोरीच्या लग्नात मी गाणार. तेच गाणं, तेच ओर्केस. भाड्याच्या पोरांचं नको."

ते गाणं घाटावर नावेची वाट पाहणाऱ्या एका बाईचं होतं. पूर्वी त्यांचा कुठलाही कार्यक्रम त्याच्याशिवाय संपत नसे. गाण्याच्या मधोमध गिटारची एक लांब जागा होती, ती वार्सिनीची. म्हणून मी आले. लग्नाला बारा दिवस उरले होते.

पहिली तालीम लास्मीच्या अंगणात झाली. लास्मी केंदांग नावाचा ढोल वाजवायची. सगळ्यांत थोरली ती, म्हणून सगळ्या तिला 'यू' म्हणत. आपल्याकडे ताई म्हणतात तसं. यू लास्मीने केंदांगवर थाप दिली आणि अठरा वर्षं मध्ये गेलीच नाहीत असं वाटलं. मग माझी पाळी आली.

मित्रांनो, खरं सांगते, मी वाईट वाजले. तारा लावल्या की दोन मिनिटांत उतरत. बटण फिरवलं की स्पीकरमधून खरखर. फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बाहेर आली होती, त्यांनी वार्सिनीचा तळवा ओरबाडला. आणि मधल्या जागेचा मुख्य सूर जिथे लागतो, बरोबर तिथे, बाटलीत अडकलेल्या माशीसारखा आवाज यायला लागला.

कुस्तिनाहने गाणं थांबवलं. "सिनी, हे काय गं?"

"नवीन आहे ना. माझ्या हाताला सवय नाही अजून."

"बारा दिवसांत सवय होणारे का? मला नीट सांग. मी कांग तारमुजीला बोलावते."

कांग म्हणजे दादा; तारमुजी दुसऱ्या एका ओर्केसचा गिटारवाला. अंगणाच्या कडेला कॉफी पीत बसला होता. कॉफीचा गाळ तो सिगारेटवर काडीने रेघा मारत लावत होता, तुलुंगागुंगच्या पुरुषांची ती सवयच आहे. मान वर न करता तो वार्सिनीला म्हणाला, "पेटीतून काढलेली नवी गिटार कुरकुरत नसते, ताई. हात कुरकुरतात. अठरा वर्षं सुई धरली, आता तारा कशा धरणार?"

कोणी हसलं नाही. पण कोणी त्याला खोडूनही काढलं नाही. वार्सिनीला तेच जास्त लागलं असावं.

घरी येऊन तिने मला खोक्यात घातलं आणि खोकं कपाटावर चढवलं. मला फार राग आला. कुरकुर माझी होती, तिच्या हातांची नव्हती. पण गिटारला सांगता येत नाही. गिटार फक्त तारांनी बोलते आणि तारा खोक्यात होत्या.

तीन दिवस मी तिथे पडून होते. चौथ्या दिवशी घरातच असलेल्या तिच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. पोस्टातल्या बाई. आदल्या आठवड्यात नेलेला नवा ब्लाउज त्यांनी टेबलावर आपटला.

"हा बाद आहे. काखेत टोचतोय, हात वर होत नाही. परत घे."

वार्सिनीने ब्लाउज उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाद कशाने? कापड चांगलं, काप बरोबर. इथे दोन टाके वर आलेत, एवढंच. नवं आहे, बसवून घ्यावं लागतं. बसा, दहा मिनिटांत देते."

ती एवढं बोलली आणि सुई हातात घेता घेता थांबली. तिची नजर कपाटावर गेली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. आणखी एक ब्लाउज आठवला."

बाई ब्लाउज घेऊन गेल्या आणि वार्सिनीने मला खाली उतरवलं. कापायच्या टेबलावर चादर अंथरली, मानेखाली तांदळाची छोटी पिशवी ठेवली. कपडा बसवतात तसंच तिने मला बसवायला घेतलं. घाई नाही, चिडचिड नाही. आधी कुठे टोचतं ते शोधायचं.

रेशमाचा एक तुकडा घेऊन तिने माझ्या मानेच्या कडेवरून फिरवला. जिथे धागा अडकेल तिथे खडूची खूण. रेशीम खोटं बोलत नाही. माझ्या बावीस फ्रेटांची मिळून चव्वेचाळीस टोकं, त्यांतल्या एकोणतीस टोकांना रेशीम अडकलं. लाकडाला ओरखडा नको म्हणून तिने शेजारी चिकटपट्टी लावली आणि मशीनच्या भागांवर फिरवायची बारीक कानस घेतली. प्रत्येक टोकावर तिरके तीन हात, मग पुन्हा रेशीम. मार्दीने दुपारचं जेवण तिच्या शेजारी आणून ठेवलं. शेंगदाण्याच्या चटणीतला पेचेल-भात निवून गेला तरी तिने हात धुतला नाही.

"बटणात थोडं तेल सोडू का? मशीनचं?" मार्दी म्हणाला.

"अहो, तुम्ही मासे सांभाळा!"

बटण तिने नुसतं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तीस-चाळीस वेळा. आत बसलेली कारखान्याची धूळ सुटली आणि खरखर थांबली. तारा उतरण्याचं कारण मानेच्या टोकाशी निघालं. तिथल्या खाचा अरुंद होत्या. तार ताणली की अडके, मग अवचित निसटे. वार्सिनीने नक्षीची पेन्सिल घेतली आणि प्रत्येक खाचेत शिसं घासलं. त्यानंतर तारा कशा सुळकन सरकल्या म्हणता! खांद्याचा पट्टा अडकवायचा खिळा सैल होता, त्याच्या भोकात बांबूची सळी आणि गोंद भरून तिने तो पक्का बसवला. ही सगळी कामं बारीक. पण प्रत्येक काम झालं की मला अंगात थोडं हलकं वाटे.

उरली ती माशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने छोटी लोखंडी फूटपट्टी घेतली. तीन-तीन फ्रेटांवर ती आडवी ठेवून ती बोटाने दाबत गेली. तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्यावर ठेवली तेव्हा पट्टी डुगडुगली, एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी. चौदावा फ्रेट एका बाजूने वर उचललेला होता. केसाएवढाच. पण तारेला केस पुरतो.

वार्सिनी मागे टेकून बसली. "अहो," तिने हाक मारली, "हात नाहीत हो."

"कोणाचे हात नाहीत?" मार्दीने तळ्यावरून विचारलं.

"माझे. म्हणजे आहेत. म्हणजे चूक हातांची नाही!"

मार्दीला काही कळलं नाही. पण बायको आठवड्यात पहिल्यांदा हसली, एवढं कळलं. तो तसाच ओल्या हातांनी आला आणि या वेळी त्याला कोणी पुसायला सांगितलं नाही.

चूक सापडली, पण काम धोक्याचं होतं. फ्रेट खाली बसवायचा तर ठोकायला हवा. जास्त ठोकला तर खोबण फाटते, मान चिरते, मग मी बादच. वार्सिनीने दाबाची बटणं ठोकायची हातोडी उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"कांग तारमुजीला विचारायचं का?" मार्दी म्हणाला.

"तो म्हणेल फेकून दे. कापड फाडायला दोघं लागत नाहीत हो, शिवायलाच मदत लागते. तुम्ही मान धरा घट्ट."

मार्दीने मान धरली. तिने फ्रेटवर चामड्याचा तुकडा ठेवला आणि ठोकलं. हलकेच. काही झालं नाही. पुन्हा ठोकलं. मी श्वास धरला असता, पण मला श्वास नाही. तिसऱ्या ठोक्याला माझ्या आतून 'टुक्' असा आवाज आला आणि चौदावा फ्रेट आपल्या खोबणीत बसला. दार लागावं तसा.

तिने तारा ताणल्या, मला स्पीकरला जोडलं आणि तो सूर लावला. तो लांबवर गेला, तळ्यांपलीकडच्या केळींपर्यंत. माशी नव्हती. वार्सिनीने तोच सूर पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग ती मधली जागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. दोन ठिकाणी चुकली. ती चूक हातांची होती आणि ती तिने आनंदाने कबूल केली.

"हे माझं," ती म्हणाली. "हे मी बसवते."

त्याच दिवसांत वेनिंग लग्नाच्या कबायाचं, म्हणजे नवरीच्या लांब झग्याचं, माप द्यायला आली. आरशासमोर हात पसरून उभी असताना तिने विचारलं, "त्या गाणार आहेत म्हणे?"

'त्या'. आई नाही. वार्सिनीने टाचणी लावता लावता नुसतं "हो" म्हटलं. चार वर्षांच्या मुलीला सोडून गेलेली बाई बावीस वर्षांच्या मुलीकडे परत आली होती. त्या दोघींच्या मध्ये जे होतं ते टाचणीने आवरण्यासारखं नव्हतं.

पुढच्या तालमीला माझा पहिला सूर निघाला आणि यू लास्मीने केंदांगवर हात थांबवला. "ही तीच गिटार?"

"तीच. थोडी बसवून घेतली."

तारमुजी उठून आला. त्याने माझ्या मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा वर, एकदा खाली. मग तो जाऊन परत आपल्या कॉफीशी बसला. त्याच्यासारख्या माणसाकडून मला तेवढं पुष्कळ होतं.

पण त्या दिवशी अडलं ते कुस्तिनाहपाशी. कडव्याच्या शेवटी सूर जिथे वर चढतो तिथे तिचा आवाज फाटला. तिने पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा ती मध्येच थांबली आणि माझ्याकडे बोट केलं.

"तुझी गिटार चढी लागलीय, सिनी."

मी बरोबर लागले होते. वार्सिनीला ते माहीत होतं. यू लास्मीलाही. सगळ्या जमिनीकडे बघत राहिल्या. अठरा वर्षं परक्याच्या स्वयंपाकघरात हळू बोलत राहिलेला गळा होता तो.

वार्सिनी म्हणाली, "तिना, पट्टी दोन सुरांनी खाली घेऊ."

"म्हणजे मी म्हातारी झाले?"

"म्हणजे गाणं तुझ्या मापाचं करू."

"या गाण्याची पट्टी कधी खाली आली नाही! लोक काय म्हणतील? कुस्तिनाह संपली म्हणतील!"

"कोण लोक? तू कोणासाठी गाणारेस?"

कुस्तिनाह माइकपासून दूर झाली.

वार्सिनी शांतपणे म्हणाली, "मी तीस वर्षं कपडे शिवते. एखादी बाई लग्नातला ब्लाउज घेऊन येते, बसत नाही म्हणून रडते. मी तिला कधी सांगत नाही की बारीक हो. मी शिवण सोडते. कपडा अंगासाठी असतो गं."

मशिदीतून दुपारची अजान झाली. नमाजानंतर सगळ्या परत येऊन बसल्या तेव्हा कुस्तिनाह माइकपाशी उभी होती.

"दोन सूर," ती म्हणाली. "तीन नाही. तीन घेतलेस तर बघ."

खालच्या पट्टीत तिचा आवाज निराळाच लागला. पूर्वी तो उंच उडायचा, असं यू लास्मी सांगते. आता तो जवळ येऊन बसत होता. माझी मधली जागाही दोन घरं खाली सरकली. वार्सिनीला बोटं नव्याने शिकवावी लागली. मुख्य सूर आता बाराव्या फ्रेटवर आला. चौदावा कुठेतरी वाटेत लागायचा, आपला गुपचूप बोलून जायचा. एवढ्या कष्टाने बसवलेल्या फ्रेटचं काम असं साधं होऊन गेलं याचं तिला जराही वाईट वाटलं नाही.

लग्न रविवारी सकाळी होतं. कोवळ्या नारळपातींची कमान, मांडवाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, दहा वाजताच कडक ऊन. निकाह झाला, जेवणं सुरू झाली, आणि कुस्तिनाह गायला उभी राहिली. वेनिंग नवऱ्याशेजारी वधूच्या आसनावर ताठ बसली होती.

पहिलं कडवं छान झालं. दुसरंही. माझी जागा झाली. तिसऱ्या कडव्याला कुस्तिनाहने मुलीकडे पाहिलं आणि गाणं तोडून पाठ फिरवली. सूर जड होता म्हणून नाही. सूर अगदी तिच्या मापाचा होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, एवढंच.

वार्सिनीने क्षणभरही थांबू दिलं नाही. तिने मधली जागा पुन्हा घेतली. यू लास्मीने मागून ठेका धरला. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. जागा संपली, कुस्तिनाह अजून पाठमोरीच होती. वार्सिनीने तिसऱ्यांदा घेतली, या वेळी हळू, लांबवत. मित्रांनो, त्या दिवशी मी जेवढी वाजले तेवढी आयुष्यात वाजले नाही. एकही तार उतरली नाही. एकही सूर कुरकुरला नाही. मी उतरले असते तर त्या बाईला झाकायला काही उरलं नसतं.

तेवढ्यात आसनावरून वेनिंग उठली. जड कबाया दोन्ही हातांनी उचलून ती खाली आली, आईशेजारी उभी राहिली आणि माइक स्वतःकडे ओढून तिसरं कडवं गायला लागली. तिला गाता येत नव्हतं. दर दुसरा शब्द सुरातून घसरत होता. पण सगळे शब्द पाठ होते. हाँगकाँगहून आई रविवारी फोनवर हेच गाणं म्हणून तिला झोपवायची, हे आम्हाला मागाहून कळलं.

कडवं संपल्यावर माइक चालूच होता, म्हणून सगळ्या मांडवाने ऐकलं.

"असंच म्हणायचीस ना तू, आई? खालच्या आवाजात. तिथल्या मालकांच्या घरातले जागे होतील म्हणून."

कुस्तिनाहने मान हलवली. शेवटची ओळ दोघींनी मिळून म्हटली.

त्यानंतर ओर्केस पुन्हा सुरू झालं आणि अकरा वर्षं चाललं. मी कितीतरी मांडव पाहिले. वार्सिनीच्या दुकानात लोक ब्लाउजांबरोबर नव्या गिटारीही बसवून घ्यायला आणू लागले. सगळ्यांत आधी तारमुजी आला, मान खाली घालून, कापडात गुंडाळलेली नवी कोरी गिटार घेऊन. वार्सिनीने त्याला काहीच ऐकवलं नाही. फक्त म्हणाली, "बसा कांग. कुठे टोचते?"

आता यू लास्मी नाही. कुस्तिनाह नातीला गाणं शिकवते. वार्सिनीची बोटं सुजतात, म्हणून मी महिन्यातून एखाद्या वेळी वाजते. पण दर शुक्रवारी ती माझ्या तारा पुसते, बटण एकदा फिरवते, मानेवरून रेशीम ओढते. एखादी वस्तू दहा वर्षं नवी राहत नाही, पण दहा वर्षं नीट राहू शकते. मी त्याचा पुरावा आहे.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी काही नवं आलं आणि ते कुरकुरलं, तर लगेच त्याला बाद म्हणू नका. स्वतःच्या हातांनाही लगेच बाद म्हणू नका. आधी कान लावा. नेमकं कुठे अडतंय ते बोटाने शोधा. पुष्कळदा ते केसाएवढं असतं आणि तीन हलके ठोके त्याला पुरतात. सापडेपर्यंत मात्र चिकाटी हवी, ती दुकानात मिळत नाही.

आणि कधी तुलुंगागुंगला आलात तर दुकानात या. मी दाराशीच टांगलेली असते. मला हात लावा, खुशाल वाजवा. फक्त सोयाबीनचं तळलेलं टेम्पे खात खात आला असाल, तर आधी हात धुवा.